वजूच्या पाण्यावर जलब्राह्मी

बीडमध्ये फुलझाडांसाठी पाणी मागितले की घरातली मोठी माणसे डोळे वटारतात, आणि ते बरोबरच आहे. २०१२-१३ आणि २०१६ चा दुष्काळ, टँकरमागची ती पळापळ कोण विसरेल? पण मशिदीच्या वजूखान्यातून दिवसातून पाच वेळा पाणी गटारात जाते, त्याचे काय? प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद्द, म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास पाण्यात वजू करीत. आपल्या नळाखाली तेवढे पाणी हात धुण्यातच संपते. आधी नळ बारीक करावा. तरीही जे वाहील, ते जलब्राह्मीला द्यावे. वजूचे पाणी पुन्हा वजूला चालत नाही, पण ते नापाकही नसते. झाडाला घालायला हरकत नाही.

जलब्राह्मी आपल्याच मातीतली. ओढ्याच्या, तळ्याच्या काठी, कालव्याच्या झिरप्यावर ती वर्षानुवर्षे पसरत राहते. पाने बारीक आणि जाडसर, फुले पांढरी किंवा फिकट जांभळी, पाच पाकळ्यांची. गोल, दातेरी कडेच्या पानांची मंडूकपर्णीही ब्राह्मी म्हणूनच विकली जाते. तीही गुणी, पण ही नव्हे. रोप घेताना पान पाहावे.

बी शोधत बसू नये. बोटभर लांबीच्या काड्या पावसाळ्याच्या सुरुवातीला चिखलात वीतभर अंतरावर खोचाव्यात. पेरापेराला मुळ्या फुटतात. ऊन भरपूर हवे, माती कायम ओली हवी. मात्र पाणी साचून राहिले तर डासांची पैदास होते, म्हणून वाफा उथळ ठेवून मातीने भरून घ्यावा. साबणाचे पाणी त्यात जाऊ देऊ नये. मशीद लांब असेल तर घरी रांजणाखाली जुने घमेले ठेवले तरी भागते.

परीक्षा जवळ आली की पालक आम्हाला हटकून विचारतात, ब्राह्मीने मुलांची स्मरणशक्ती वाढते ना? आम्ही सांगतो, पाढे पाठ करूनच येतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुलांना पाला देऊ नये. गटाराकाठची ब्राह्मी तर तोंडातही घालू नये. घाण पाण्यातले शिशासारखे जड धातू ही वनस्पती अंगात साठवते.

मे महिन्यात वजूखान्यालाच टँकर लागला, तर वाफा खुशाल वाळू द्यावा. घमेल्यातल्या चार काड्या तेवढ्या ओल्या ठेवाव्यात. जूनमध्ये त्यांवरच पुन्हा लागवड होते.