पाऊस मोजणारा सीसॉ

तुळजापुरात धो धो पाऊस, सोलापुरात रिपरिप आणि त्या दोघांच्या मधल्या तामलवाडीत कडक ऊन! असं होईल का? हो, सहज होईल! वळवाचा पाऊस असा लहरी, की एका शिवारात चिखल करतो अन् पलीकडच्या बांधाला कोरडं ठेवतो. मग आपल्या अंगणात नेमका किती पडला, हे कोण सांगणार? आपणच! चला, घरी बिनतारी हवामान केंद्र बसवू या.

बाहेर खांबावर सेन्सर, घरात आकडे दाखवणारा छोटा पडदा. मध्ये वायर नाही. सेन्सर दर काही सेकंदांनी रेडिओ लहरींवरून आकडे धाडतात. फक्त वाटेत लोखंडी पत्रा नको, तो लहरींना अडवतो.

सगळ्यांत गमतीचा पर्जन्यमापक. नरसाळ्यातून पाणी आत उतरतं. खाली दोन चिमुकल्या वाट्या, बागेतल्या सीसॉसारख्या जोडलेल्या. एक भरली की खाडकन कलते, रिकामी होते आणि दुसरी नरसाळ्याखाली येते. दर वेळी एक चुंबक स्विचजवळून जातं आणि यंत्र म्हणतं, 'एक!' पुष्कळ यंत्रांत एका कलण्याचा अर्थ ०.२ मिलिमीटर पाऊस. हा मापक झाडाखाली किंवा भिंतीला चिकटून ठेवलात, तर बिचाऱ्याला अर्धा पाऊस दिसणारच नाही.

तापमापक मात्र सावलीत हवा. उन्हात तो स्वतःच तापतो आणि हवेऐवजी स्वतःचंच तापमान सांगतो! म्हणून त्याच्याभोवती पांढऱ्या चकत्यांची उतरंड असते. वारा आत जातो, ऊन बाहेर राहतं. जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंची चांगली. मे महिन्यात तापलेल्या पत्र्यावर तो बसवलात, तर उन्हाळा आहे त्याहून भयंकर वाटेल!

वातकुक्कुट आणि वायुवेगमापी यांना उंच, मोकळी जागा लागते. वातकुक्कुटाचा बाण वारा जिकडून येतो तिकडे तोंड करतो. पावसाळ्यात तो बहुतेक दिवस पश्चिमेकडे बघत बसेल.

आणि वायुभारमापक? तो चक्क घरातच असतो! खिडक्या लावल्या तरी फटींतून हवा ये-जा करते, त्यामुळे हवेचा दाब आत-बाहेर सारखाच. फक्त त्याला गावाची उंची सांगावी लागते. आपला सोलापूर-तुळजापूरचा पठारी भाग समुद्रसपाटीपासून जवळपास अर्धा किलोमीटर वर आहे, म्हणून इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा कमी भरतो.

असे आकडे मोठ्यांनाही लागतात. महाराष्ट्र सरकारने २०१७ पासून 'महावेध' प्रकल्पात महसूल मंडळांमध्ये स्वयंचलित हवामान केंद्रं उभारली. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, की त्याला अतिवृष्टी म्हणतात. पिकांच्या नुकसानीचा विषय निघाला, की हाच आकडा शोधला जातो. द्राक्षबागायतदार तर पान किती वेळ ओलं राहिलं हे सांगणारा सेन्सरही लावतात, कारण ओल्या पानावर डावणी रोग पटकन पसरतो.

आता गणित! एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. तुमचं छत ५० चौरस मीटरचं आहे आणि पाऊस पडला बरोबर ६५ मिलिमीटर. छतावर किती लिटर पाणी पडलं? आणि सीसॉ किती वेळा कलला?

(उत्तरं : ३२५० लिटर, ३२५ वेळा)