भिलाईची भट्टी आणि रासायनिक बंध: चार गैरसमज

सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. दल्ली-राजहराच्या खनिजाचे इथे लोखंड होते आणि त्यातूनच पुढे रेल्वेचे रूळ घडतात. बंधांविषयीचे चार गैरसमज याच वाटेवर तपासता येतात.

गैरसमज १: खनिजात लोखंडाचे कण असतात, तापवले की वितळून बाहेर येतात.
वस्तुस्थिती: हेमॅटाइटमध्ये लोह ऑक्सिजनशी, मुख्यतः आयनिक बंधाने, जखडलेले असते. शुद्ध हेमॅटाइटच्या वजनात लोह सुमारे ७० टक्के. तरीही हातोडा मारला तर त्याचा पत्रा होत नाही, तुकडे होतात. नुसत्या वितळण्याने लोह सुटत नाही. भट्टीत कार्बन मोनॉक्साइड त्याचा ऑक्सिजन काढून घेतो.

गैरसमज २: सहसंयुज बंध कमकुवत असतात.
वस्तुस्थिती: त्याच कार्बन मोनॉक्साइडमधला तिहेरी बंध दोन अणूंच्या रेणूंमध्ये सर्वांत बळकट आहे. तरी तो वायू आहे, उत्कलनबिंदू उणे १९१.५ अंश सेल्सिअस. कारण उकळताना रेणू एकमेकांपासून दूर होतात, रेणूतले अणू नाही. भट्टीत इंधन म्हणून घातलेल्या कोकमध्ये, म्हणजे भाजलेल्या दगडी कोळशात, मात्र कार्बनचे अणू अशाच सहसंयुज बंधांनी दूरवर एकमेकांत गुंफलेले असतात. म्हणून आजूबाजूचे लोखंड वितळून ठिबकते, तेव्हाही कोक घनच राहून वरचा भार पेलतो.

गैरसमज ३: बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते.
वस्तुस्थिती: तोडायला ऊर्जा खर्चावी लागते, बंध जुळताना ती मिळते. कोक जळताना कार्बन-ऑक्सिजनचे नवे बंध जुळतात. जुने तोडण्याच्या खर्चाहून ही मिळकत मोठी, तीच भट्टीची उष्णता.

गैरसमज ४: लोखंड जितके शुद्ध, तितके कणखर.
वस्तुस्थिती: धातुबंधाला ठरावीक दिशा नसते. त्यामुळे अणूंचे थर बंध न सोडता एकमेकांवरून सरकतात आणि शुद्ध लोखंड मऊ पडते. रुळाच्या पोलादात साधारण ०.६ ते ०.८ टक्के कार्बन असतो. त्यातून बनणारे लोह-कार्बन संयुगाचे पातळ पापुद्रे हे सरकणे अडवतात. पण भट्टीतून निघणाऱ्या लोखंडात कार्बन सुमारे चार टक्के, म्हणून ते ठिसूळ. जादा कार्बन ऑक्सिजनच्या झोताने जाळावा लागतो.

तेव्हा बंध बळकट की दुबळा, एवढ्यावर पदार्थाची पारख होत नाही. तो वितळताना, वाकताना किंवा फुटताना नेमकी कोणती पकड सुटते, ते पाहावे लागते.