गाणे शिकणारा मेंदू

कोकिळेचे पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढते, त्याने भरवलेले खाते, दिवसभर त्याचेच ओरडणे ऐकते. तरी मोठा झालेला नर 'कुहू'च करतो. त्याचा सूर जन्मजात असतो. तेल्हाऱ्याच्या परसात किंवा वान नदीकाठी उन्हाळ्याच्या पहाटे शीळ घालणाऱ्या दयाळाचे तसे नाही. तो ज्या गाणाऱ्या पक्ष्यांच्या गटात मोडतो, त्यांना गाणे ऐकून शिकावे लागते. ही विद्या पक्ष्यांत मुख्यतः गाणारे पक्षी, पोपट आणि हमिंगबर्ड यांच्याकडेच आहे. माणसाच्या जवळच्या नात्यातल्या वानरांनाही ती अशी साधलेली नाही.

तिचा सर्वाधिक अभ्यास झाला तो झेब्रा फिंचवर. हा ऑस्ट्रेलियातला पक्षी आपल्या मुनियांच्याच कुळातला. यात नरच गातो. पिल्लू आधी बापाचे गाणे ऐकून मनात साठवते, महिन्याच्या आसपास बोबडे सूर काढू लागते आणि सुमारे ९० दिवसांत गाणे पक्के होते. या काळात ऐकायलाच मिळाले नाही, तर गाणे वेडेवाकडे राहते.

फर्नांडो नॉटेबोम आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये कॅनरीच्या मेंदूतली गाण्याची केंद्रे दाखवली. त्यांच्या दोन वाटा आहेत. एक वाट 'एचव्हीसी' केंद्रातून 'आरए' केंद्रात आणि तिथून मज्जातंतूंमार्फत स्वरयंत्राच्या स्नायूंपर्यंत जाते. पक्ष्याचे हे स्वरयंत्र गळ्याशी नसून श्वासनलिका दुभंगते तिथे, छातीत असते. दुसरी वाट 'एरिया एक्स'मधून वळसा घेऊन 'आरए'लाच मिळते. रियाज घडतो तो या दुसऱ्या वाटेमुळे. 'आरए'ला मिळण्याआधीचे तिचे शेवटचे केंद्र पिल्लाच्या वयात निकामी झाले, तर गाणे अर्धेकच्चे असतानाच गोठते; प्रौढ नराचे पक्के गाणे मात्र त्याने फारसे बिघडत नाही. माणसाच्या बोलण्याशी जोडलेले 'फॉक्सपी२' जनुक 'एरिया एक्स'मध्ये दाबले, तर पिल्लाला बापाची नक्कल नीट जमत नाही. पक्ष्याचे गाणे आणि बाळाचे बोबडे बोल यांतले साम्य वरवरचे नाही, ते इथे दिसते.

पुण्याच्या आयसरमध्ये राघव राजन यांची प्रयोगशाळा झेब्रा फिंचवर काम करते. गाण्याआधी हा पक्षी काही छोटे सूर पुन्हा पुन्हा काढतो. त्यांतले अंतर कमी होत जाते, सूर एकसारखे होत जातात आणि मग गाणे सुरू होते. मेंदूची ही तयारी राजन यांनी अ‍ॅलिसन डूप यांच्यासह २०१३ मध्ये मांडली.

घरट्यातून लवकर उचललेले मुनियेचे पिल्लू बापापासून तुटते, म्हणजे गुरूपासूनच तुटते. आपल्याकडच्या रानातल्या मुनिया आणि पोपट पकडणे वा पाळणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. घरट्यांना हात लावू नये.