गुठळी : हवी तेथली आणि नको तेथली

गोदावरीच्या घाटावर पायऱ्यांच्या आडोशाला पाणी संथ होतें, आणि तेथेंच निर्माल्य सांचतें, हें नाशिककरांस सांगावयास नको. मध्यप्रवाहांत तें टिकत नाहीं. मेंदूंतील धमनीच्या फुगवट्यावरील आधुनिक उपचार याच साध्या नियमावर उभा आहे. त्यांतील धोकाहि रक्ताच्या त्याच सांचण्यांतून उद्भवतो.

हा फुगवटा बहुधा धमनीस फांटा फुटतो त्या जागीं, भिंत दुबळी होऊन येतो. तो फुटला तर मेंदूभोंवतीं रक्तस्राव होऊन प्राणावर बेततें. कवटी उघडून त्याच्या मानेस चिमटा लावणें हा जुना मार्ग. १९९० सालीं ग्विदो गुल्येल्मी या इटालियन डॉक्टरानें लॉस एंजेलिस येथें दुसरा मार्ग रूढ करण्यास आरंभ केला. जांघेंतील धमनींतून बारीक नळी मेंदूपर्यंत न्यावयाची आणि फुगवट्यांत प्लॅटिनमच्या तारेचीं वेटोळीं भरावयाचीं. आंतला प्रवाह मंदावतो, रक्त गोठतें, पोकळी बंद पडते. फुटलेल्या फुगवट्याच्या २,१४३ रोग्यांवरील चांचणी २००२ सालीं प्रसिद्ध झाली. तींत वर्षअखेर मृत वा परावलंबी झालेल्यांचें प्रमाण चिमट्याच्या गटांत शेंकडा ३०.६, तर तारेच्या गटांत २३.७ निघालें.

पण आंत कोठें गोठावें आणि बाहेर कोठें गोठूं नये, हें रक्तास कळत नाहीं. नळी, तार, सारें त्यास परकें. परक्या पृष्ठभागावर रक्तांतील बिंबिका चिकटूं लागतात. गुठळी फुगवट्यांत झाली तर उपचार साधला. तीच तोंडाबाहेर आली, किंवा तुटून पुढील बारीक वाहिनींत अडकली, तर पक्षाघात. म्हणून उपचार चालू असतांनाच हेपॅरिन देतात. तरीहि कांहीं बारीक गुठळ्या होतात; पुष्कळशा निमूटपणें जिरतात व नंतरच्या एम्. आर्. चित्रांतच त्यांची खूण दिसते.

फुगवट्याची मान रुंद असल्यास धमनींत धातूची जाळीहि बसवितात. तिच्यावर धमनीचें अस्तर चढण्यास कित्येक महिने लागतात; तोंवर ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल घ्यावें लागतें. क्लोपिडोग्रेल यकृतांत पालटल्यावरच गुण देतें, आणि कांहीं माणसांत, भारतीयांत तीं थोडीं नाहींत, हें पालटणें जन्मतःच मंद असतें. अशांस दुसरें औषध द्यावें लागतें.

खरी चूक पुढें घरीं होते. रोगी हिंडूंफिरूं लागतो. अंगावर निळे डाग दिसले, किंवा दांत काढावयाचा ठरला, कीं गोळ्या परस्पर बंद होतात. जाळी बसविणाऱ्या डॉक्टरांस विचारल्यावांचून हें करूं नये. तोंड वांकडें झालें, हात लुळा पडला किंवा बोलणें अडखळलें, तर त्याच घटकेस मोठें रुग्णालय गांठावें, आणि जाळीचा व गोळ्यांचा कागद बरोबर न्यावा.