वाहनतळांच्या जागा : निर्णयाची वेळ

पुण्याच्या मंडईजवळ १९१५ साली ‘आर्यन’ चित्रपटगृह उभे राहिले. १९८३ साली ते पाडले गेले आणि त्या जागी आज महापालिकेचा वाहनतळ आहे. एका पिढीच्या करमणुकीची जागा दुसऱ्या पिढीच्या वाहनांनी घेतली. आज पुन्हा तोच प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा आहे. शहराच्या मध्यवस्तीतील खाजगी मिळकती उद्याच्या वाहनतळांसाठी सार्वजनिक मालकीत घ्याव्यात काय, आणि घ्यावयाच्या तर कोणत्या अटींवर?

गरज नाही असे कोणी म्हणणार नाही. शहरातील नोंदलेली वाहने २०१८ सालीच ३६ लाखांवर गेली होती आणि माणसांहून वाहने अधिक झाल्याची चर्चा तेव्हा गावभर झाली. लक्ष्मी रस्ता किंवा शिवाजी रस्ता यांची रुंदी मात्र वाहनांच्या संख्येबरोबर वाढत नाही. दोन्ही कडांना वाहने उभी राहिली की चालणाऱ्याने जावे कोठून?

या प्रश्नाला कालमर्यादाही आहे. जुन्या हद्दीच्या विकास आराखड्यास शासनाने जानेवारी २०१७ मध्ये मंजुरी दिली. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम १२७ नुसार, आरक्षित जमीन दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही तर मालकास नोटीस देता येते. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण आपोआप रद्द होते. ही दहा वर्षे २०२७ साली पुरी होतात. मालकाच्या दृष्टीने ही तरतूद न्याय्यच आहे. ना विकता येते, ना बांधता येते, ना मोबदला मिळतो, अशा अवस्थेत कोणाची मिळकत किती काळ अडकवून ठेवावी? पण निर्णयच न घेता वेळ दवडणे म्हणजे मालकाचाही अन्याय आणि शहराचाही तोटा.

संपादनाचा खर्च लहान नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे शहरी भागात बाजारभाव आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते. एका मोटारीस, ये-जा करण्याच्या वाटेसह, सुमारे २५ चौरस मीटर जागा लागते. शंभर मोटारी म्हणजे पंचवीस गुंठे! पेठेतील पंचवीस गुंठ्यांवर किती बिऱ्हाडे नांदतात, याचा हिशेब वाचकांनीच करावा. मजले चढवून जमीन वाचते खरी. परंतु बांधकामाचा व देखभालीचा भार वाढतो.

शिवाय, केवळ जागा निर्माण केल्याने वाहने रस्त्यावरून हटत नाहीत. मुंबईत वाढीव चटई क्षेत्राच्या मोबदल्यात सार्वजनिक वाहनतळ मिळविले गेले. तरीही लगतच्या रस्त्यांवरची वाहने हटविण्यासाठी जुलै २०१९ मध्ये महापालिकेला जबर दंडाची आकारणी सुरू करावी लागली. दारासमोर फुकट उभे राहता येत असेल तर पैसे मोजून चौथ्या मजल्यावर कोण जाईल? वाहनतळाचे शुल्क जमिनीच्या मोलाशी सुसंगत असावे, असे केंद्राच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणानेही सांगितले आहे. पुण्याच्या मुख्य सभेने २०१८ साली पार्किंग धोरण संमत केले, पण रस्त्यावरील शुल्काला विरोध होताच ते रेंगाळले. हा विरोध करणाऱ्यांत आम्ही सुशिक्षितही होतो, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

म्हणून आमचे मत असे. आरक्षित जागांपैकी खरोखर लागणाऱ्या कोणत्या, हे महापालिकेने ताबडतोब निश्चित करावे. त्या घ्याव्यात आणि उरलेल्या मालकांना मोकळ्या करून द्याव्यात. जागा निवडताना पेठांच्या पोटात शिरण्यापेक्षा कडेच्या जागांना प्राधान्य द्यावे. सप्टेंबर २०२४ पासून मंडईखाली मेट्रो धावते आहे. वाहन बाहेर ठेवून मध्यवस्तीत येणे आता अशक्य राहिलेले नाही. वाड्यातील भाडेकरूला मालकाइतकेच जपावे. त्याच्या पुनर्वसनाची जागा ठरल्यावाचून कुदळ पडू नये. आणि वाहनतळ उघडेल त्या दिवसापासून भोवतालच्या रस्त्यावर फुकट उभे राहणे बंद व्हावे. ही शेवटची अट पाळावयाची नसेल तर पहिला रुपयाही खर्च करू नये.

वाहनांचे प्रमाण उद्या घटेलही. तेव्हा त्याच जागेवर उद्यान, मंडई किंवा वाचनालय होऊ शकेल. ‘आर्यन’च्या जागेने एकदा रूप पालटले, ते पुन्हा पालटू शकते, परंतु मध्यवस्तीतील हातची गेलेली जमीन शहरास पुन्हा मिळत नाही. जागा घ्यावी ती शहरासाठी. मोटारी या तिच्या आजच्या भाडेकरू आहेत, एवढे भान ठेवले म्हणजे पुरे.