ईदच्या कपड्यांमागचे हात

रमजानचा शेवटचा अशरा, म्हणजे अखेरचे दहा दिवस लागले की धुळ्याचा आग्रा रोड आणि जळगावचे फुले मार्केट रात्री उशिरापर्यंत जागे असते. इफ्तार झाला, तरावीहची नमाज आटोपली की बायका-मुले खरेदीला बाहेर पडतात. बांगड्या, चपला, अत्तर, शेवया, शिरखुर्म्याचा सुका मेवा सगळेच घ्यायचे असते. पण खरी घाई कपड्यांची. शिंप्याच्या दुकानात नव्या गिऱ्हाइकाला आता ‘ईदनंतर या’ एवढेच उत्तर मिळते.

ईदच्या सकाळी ईदगाहकडे निघालेली पांढऱ्या कुर्त्यांची रांग पाहून ‘हा मुसलमानी पोशाख’ असे कोणीही सहज म्हणेल. पण तो कुर्ता ज्या दुकानात शिवला गेला, तिथला शिंपी अनेकदा नामदेव शिंपी समाजातला असतो. कापूस खानदेशच्या काळ्या मातीतला असू शकतो आणि कापड मोमीन विणकराच्या मागावरचे. एका कपड्यात किती घरे असतात, हे शिलाई उसवून पाहिल्याशिवाय कळत नाही.

आधी शब्दच पाहा. पायजमा हा फारसी शब्द. ‘पाय’ आणि ‘जामा’ म्हणजे पायांचे वस्त्र. खानदेशातले म्हातारे शेतकरी अंगात पैरण घालतात. ती फारसीतल्या ‘पैराहन’ची मराठी लेक. खिसा, अस्तर, रुमाल, जरी हे शब्दही त्याच वाटेने आले. कापडाला घडी बसवणारी इस्त्री आणि बटणासाठी पाडलेले काज हे पोर्तुगिजांकडून मिळाले. चोळी आणि साडी इथल्याच. कपाट उघडले की चार-पाच भाषा एका खुंटीला टांगलेल्या दिसतात आणि त्या घालताना कोणीही धर्म विचारत नाही.

हे आजचे नाही. जुन्या खानदेशची राजधानी बुऱ्हाणपूर. फारूकी सुलतानांनी वसवलेले हे शहर १६०१ मध्ये अकबराच्या ताब्यात आले. पुढे सतराव्या शतकात तिथे आलेल्या ताव्हेर्निए या फ्रेंच व्यापाऱ्याने इथल्या तलम, पारदर्शक कापडाचे वर्णन लिहून ठेवले आहे. ते कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, अगदी पोलंडपर्यंत जाई. त्यातले रंगीत, फुलांचे आणि जरीचे कापड त्या देशांतल्या बायका ओढणीसाठी वापरत. म्हणजे तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी परदेशातल्या स्त्रियांच्या डोक्यावर तापीकाठचे कापड होते. धरणगावात इंग्रजांनी १६७४ मध्ये वखार घातली, तीही अशाच मालासाठी. फैजपूरचे रंगारी गडद निळ्या आणि लाल रंगासाठी प्रसिद्ध होते.

मग एकोणिसाव्या शतकात विलायती गिरणीचे कापड आले आणि उत्तरेतल्या हातमागांचे कंबरडे मोडले. त्यात १८५७ च्या उठावानंतरची धरपकड आणि दुष्काळ. बनारस, मऊ, आझमगडकडचे मोमीन अन्सारी विणकर घरदार सोडून दक्षिणेला निघाले. त्यातले अनेक जण मालेगाव, धुळे, बुऱ्हाणपूर आणि भिवंडीत स्थिरावले. मालेगाव आणि धुळे ही दोन्ही गावे मुंबई-आग्रा रस्त्यावरची. आज ज्या आग्रा रोडवर ईदचा बाजार भरतो, तो विणकरांच्या त्या जुन्या वाटेचाच एक तुकडा.

या विणकरांनी इथे येऊन काय विणले? मालेगावच्या मागांवर कित्येक वर्षे रंगीत नऊवारी लुगडी विणली गेली. शेतात कापूस वेचणारी, पोळ्याला बैल ओवाळणारी, वारीला जाणारी मराठी बाई जे लुगडे नेसत होती, त्याचा ताणाबाणा बऱ्याचदा रोजा धरलेल्या हातांनी घातलेला असे. आणि त्या विणकराच्या मुलांचा ईदचा सदरा गावातला शिंपी शिवत असे. संत नामदेव शिंपी घरातले, कबीर विणकर घरातले. या दोन धंद्यांचे नाते संतांच्या काळापासून असे लागून राहिले आहे.

डोक्यावरच्या पदराचेही तसेच. जळगावच्या बहिणाबाई चौधरींचे चित्र आठवले की डोक्यावरचा पदर आधी दिसतो. खानदेशातल्या कुठल्याही घरात आजी वडीलधाऱ्यांसमोर पदर सावरते. शेजारच्या मुसलमान घरातली आजी ओढणी सावरते. दोघींच्या मनात अदब सारखीच. फरक फक्त कापडाच्या लांबीचा.

पुरुषांच्या टोप्यांची गोष्ट तर अधिक गमतीची. १९२० च्या सुमारास खिलाफत चळवळीच्या दिवसांत शिकलेल्या मुसलमानांच्या डोक्यावर लाल तुर्की टोपी होती, तर त्याच सुमारास पांढरी गांधी टोपी घरोघर पोहोचत होती. १९२५ मध्ये खुद्द तुर्कस्तानातच त्या लाल टोपीवर बंदी आली आणि इथेही ती हळूहळू मागे पडली. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. खादीचा तो काळ. आज खानदेशच्या आठवडे बाजारात शेतकऱ्याची गांधी टोपी आणि नमाजी माणसाची गोल टोपी एकाच चहाच्या टपरीवर टेकलेल्या दिसतात.

पोशाख धर्म बदलतो, हेही डोळ्यांसमोर घडले आहे. सलवार-कमीज एकेकाळी इथे परकी वाटे. मराठीत तिला ‘पंजाबी ड्रेस’ म्हणू लागले आणि बघता बघता ती गावोगावच्या शाळा-कॉलेजच्या मुलींची झाली. शेरवानी मराठमोळा नवरदेव भाड्याने आणून घालतो. आणि ईदला कित्येक तरुण जीन्सवर कुर्ता चढवून ईदगाहवर येतात.

म्हणूनच कपड्यावरून माणूस ओळखायचा हट्ट अंगाशी येतो. टोपी पाहून एखाद्याला भाडेकरू म्हणून घर नाकारणारा किंवा बुरखा पाहून बाकावर दूर सरकणारा माणूस बहुधा स्वतःच कुठल्या तरी अन्सारीच्या मागावरचे कापड अंगावर घालून बसलेला असतो.

रमजानच्या रोज्यांचे नियम सांगणाऱ्या कुराणातल्या आयतीतच पती-पत्नी एकमेकांचा पोशाख आहेत, असा विचार आला आहे. पोशाख म्हणजे झाकणारा, जपणारा, ऊब देणारा. दुसऱ्या एका ठिकाणी सर्वांत चांगला पोशाख तकव्याचा, म्हणजे ईश्वराचे भान ठेवून जगण्याचा, असे सांगितले आहे. ईदला नवेच कपडे हवेत, अशी सक्ती नाही; जवळ असतील त्यातले चांगले, धुतलेले घालावेत, एवढेच अपेक्षित आहे.

हे विसरता कामा नये, कारण यंत्रमागावरच्या कामगाराला मजुरी मिळते ती विणलेल्या कापडाच्या हिशेबाने. सूत महागले, माग थांबला, की गावाला कपडे पुरवणाऱ्याच्याच घरी ईदला जुना सदरा धुऊन घालावा लागतो. फित्रा ईदच्या नमाजेआधी द्यायचा असतो तो यासाठीच, की त्या सकाळी गरिबालाही सणात सामील होता यावे.

चाँद रातीला शिंप्याच्या दुकानात शेवटचे काज पूर्ण होईल. तो दोरा दाताने तोडेल, सदऱ्याची घडी घालेल आणि कागदात गुंडाळून देईल. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी शिरखुर्म्याचे भांडे येईल. शिलाईचा हिशेब आदल्या रात्रीच मिटलेला असेल. उरलेला हिशेब शेजाराचा, तो दरवर्षी असाच पुढे चालू राहतो.