पाणबुड्याचें घड्याळ घरीं जुळवितांना

मनगटावरचें घड्याळ बाजारांतून विकत आणावयाचें, बिघडलें म्हणजे घड्याळजीकडे द्यावयाचें, आणि तो डोळ्यास भिंग लावून आंत काय करितो हें कुतूहलानें पाहत उभें राहावयाचें, इतकाच आपला व त्या यंत्राचा संबंध आजवर होता. घड्याळ उघडणें म्हणजे तें मोडणें, अशी घरोघरच्या वडील माणसांची समजूत. आणि मुलांच्या हातीं गेलेल्या गजराच्या घड्याळांची अखेर ज्यांनीं पाहिली आहे त्यांना ती समजूत खोटी म्हणवतही नाहीं. परंतु अलीकडे जगभर एका नव्या छंदानें मूळ धरलें आहे. निरनिराळ्या कारखान्यांतून डबी, तबकडी, कांटे, कांच आणि यंत्र असे सुटे भाग मागवावयाचे, आणि घरच्या टेबलावर बसून त्यांचें एक घड्याळ जुळवावयाचें. त्यांतही विशेष आवड दिसते ती १९५० ते १९७० च्या दरम्यानच्या पाणबुड्यांच्या घड्याळांच्या धर्तीची. आमच्या वाचकांपैकीं एखाद्याच्या घरांतील तरुणास हें वेड लागलें असेल, तर वडील मंडळींनीं कपाळास आठी घालण्यापूर्वीं तें काय आहे हें समजून घ्यावें, आणि त्या तरुणानेंही हातांत चिमटा घेण्यापूर्वीं एक गोष्ट मनाशीं पक्की करावी, एवढ्यासाठीं हा लेख आहे.

पन्नास वांव खोल

१९४३ सालीं फ्रान्समध्यें कुस्तो व गान्यां या दोघांनीं पाठीवर हवेचें नळकांडें बांधून पाण्याखालीं मोकळेपणीं पोहतां येईल असें श्वसनयंत्र तयार केलें. पूर्वींच्या शिरस्त्राणधारी पाणबुड्यास वरून नळीनें हवा मिळे, आणि त्याच्या वेळेवर होडींतील सोबत्याचें लक्ष असे. नवा पाणबुड्या त्या नळीपासून सुटला. पण सुटला तसा एकटाही पडला. आपली हवा किती वेळ पुरेल हें आतां त्याचें त्यासच पाहणें प्राप्त झालें. शिवाय पाण्यांत दर दहा मीटरांस सुमारें एका वातावरणाइतका दाब वाढत जातो. त्या दाबाखालीं श्वासांतील नायट्रोजन वायु रक्तांत व शरीरांत विरघळतो. फार वेळ खालीं राहून मनुष्य एकदम वर आला, तर सोड्याची बाटली उघडल्यावर व्हावें त्याप्रमाणें त्या वायूचे बुडबुडे बनतात. सांधे असह्य दुखतात, अंग लुळें पडतें, प्रसंगीं प्राणही जातो. म्हणजे किती मिनिटें झालीं हा प्रश्न पाण्याखालीं केवळ सोयीचा राहत नाहीं, तो जिवाचा होतो.

या गरजेंतून १९५३ सालीं स्वित्झर्लंडमधील ब्लांपें या पेढीनें एक घड्याळ काढलें. फ्रेंच आरमारांतील मालुबिए व रिफो या अधिकाऱ्यांना आपल्या बुडी मारणाऱ्या सैनिकांसाठीं तसें घड्याळ हवें होतें. आणि पेढीचे चालक फीश्तर हे स्वतःच बुडी मारण्याचे शोकी होते. त्या घड्याळाचें नांव ठेवलें ‘फिफ्टी फॅदम्स’, म्हणजे पन्नास वांव. वांव हें माप आमच्या कोंकणच्या वाचकांस सांगावयास नको. दोन्ही हात पसरल्यावर जेवढें अंतर होतें तेवढें, सुमारें सहा फूट, आणि आपले कोळी आजही समुद्राची खोली वांवांतच सांगतात. पन्नास वांव म्हणजे एक्क्याण्णव मीटरांहून किंचित् अधिक. त्याच सुमारास रोलेक्सचें ‘सबमरीनर’ पुढें आलें, आणि १९६५ सालीं जपानच्या सीको कारखान्यानें १५० मीटरांचें पहिलें जपानी पाणबुडी-घड्याळ काढलें. आज घरोघर जुळविलीं जाणारीं घड्याळें बहुधा या तिघांच्या वळणाचीं असतात: काळी तबकडी, ठसठशीत खुणा, रुंद कांटे, फुगीर कांच आणि कांचेभोंवतीं फिरणारी कडी.

कडी एकाच बाजूला कां फिरते?

या कडीवर साठ मिनिटांच्या खुणा असतात. बुडी मारतांना कडीवरील शून्याची खूण मिनिटकांट्यासमोर आणावयाची. पुढें केव्हांही पाहिलें तरी किती मिनिटें गेलीं हें कांटाच कडीवर दाखवितो. बेरीज-वजाबाकी करण्याचें काम नाहीं. पण खडकाचा धक्का लागून कडी आपोआप सरकली तर? म्हणून पुढें ती कांट्यांच्या उलट दिशेनेंच फिरावी अशी योजना रूढ झाली. त्या दिशेस ती सरकली, तर झालेला वेळ आहे त्याहून अधिक दिसतो आणि पाणबुड्या लौकर वर येतो. दुसऱ्या दिशेस सरकती, तर वेळ कमी दिसून तो खालींच राहता. चूक होणारच असेल तर ती जीव वांचविणाऱ्या बाजूस व्हावी, एवढा विचार त्या लहानशा कडींत भरला आहे. आज बहुतेक पाणबुडे मनगटावर छोटा गणकयंत्रच बांधतात आणि घड्याळ जोडीला राहतें, हें खरें; पण या कडीमागील विचार जुना झालेला नाहीं.

जुळणी कशी होते?

या छंदाचा प्राण म्हणजे सीको समूहाचें ‘एन्. एच्. ३५’ हें यंत्र. हाताच्या हालचालीनें तें आपोआप चावी घेतें, गुंडी फिरवूनही त्यास चावी देतां येते, आंत चोवीस खडे असतात, तासाला २१,६०० ठोके पडतात आणि एकदां पुरी चावी बसली म्हणजे तें सुमारें एक्केचाळीस तास चालतें. दिवसाला वीस सेकंद मागें ते चाळीस सेकंद पुढें, इतका फरक कारखान्यानेंच धरलेला आहे. तेव्हां यावर वेधशाळेची वेळ मिळवूं म्हणणाऱ्यानें निराश होऊं नये.

भाग मागवितांना मापें जुळलीं पाहिजेत. तबकडी बहुधा २८.५ मिलिमीटरांची असते. तासकांट्याचें भोंक १.५, मिनिटकांट्याचें ०.९ आणि सेकंदकांट्याचें अवघें ०.२ मिलिमीटर. चावीची गुंडी तिनाच्या आंकड्यासमोर आहे कीं चाराच्या, हेंही आधीं पाहावें. कारण तबकडीमागचे पाय त्याप्रमाणें बदलतात. भिंग, चिमटा, कांटे बसविण्याची दाबणी, रबरी बोटमोजे आणि धूळ उडविण्याचा फुगा एवढीं साधनें आरंभास पुरतात. दिवाणखान्यांतील पंखा मात्र बंद ठेवावा. कांचेखालीं राहिलेला एक केंस पुढें रोज डोळ्यांत सलतो.

तबकडी बसली कीं कांटे लावण्यापूर्वीं गुंडी हळूहळू फिरवून तारीख उडी घेते तो क्षण पकडावा, आणि त्याच क्षणीं तासकांटा व मिनिटकांटा बारावर बसवावे. आपल्या पंचांगांतील वार सूर्योदयास बदलतो. या यंत्राची तारीख मात्र मध्यरात्रींच बदलली पाहिजे, नाहीं तर ती भर दुपारीं उलटेल. कांटे एकमेकांस, तबकडीस वा कांचेस घांसतां कामा नयेत. नंतर यंत्र डबींत बसवून गुंडीची दांडी मापानें तोडावयाची. ती थोडीथोडी करून तोडावी. कमी तोडलेली पुन्हां तोडतां येते, अधिक तोडलेली जोडतां येत नाहीं. शेवटीं रबरी कड्यांस सिलिकोनचें वंगण लावून मागचें झांकण पेंचानें घट्ट करावें.

अंधारांत चमकणाऱ्या लेपाविषयीं एक इशारा द्यावयास हवा. पूर्वीं हा लेप रेडियमचा असे. अमेरिकेंत न्यू जर्सींतील कारखान्यांत मुली ब्रशाचें टोंक ओठांनीं टोकदार करून तो तबकड्यांवर चढवीत. त्यांतील अनेकींचे जबडे व हाडें सडलीं, कित्येकींचे बळी गेले, आणि १९२८ सालीं त्यांच्यांतील पांचजणींच्या दाव्यांत तडजोड होऊन त्यांना भरपाई मिळाली. १९९३ सालीं जपानच्या नेमोतो कंपनीनें किरणोत्सर्गी नसलेला लेप काढला. आज वापरतात तो त्याच जातीचा, आणि जुनेपणाचा भास व्हावा म्हणून त्यास सायीसारखा पिंवळट रंगही देतात. हें सोंग निरुपद्रवी आहे. पण आजोबांच्या पेटींतील खऱ्या जुन्या घड्याळाचा लेप चमकेनासा झाला तरी त्यांतील रेडियम शतकानुशतकें राहतें. तें घड्याळ हौसेखातर उघडूं नये, आणि तबकडी तर मुळींच खरवडूं नये.

तबकडीवर काय लिहावें?

आतां मुख्य गोष्ट. घड्याळ जुळलें, टिकटिक करूं लागलें, कीं त्याच्या तबकडीवर हवीं तीं अक्षरें छापलेली तबकडी बाजारांत मिळते. कोणी तीवर थोर पेढीचें नांव मिरवितो, कोणी ‘२०० मीटर’ असे लिहिलेली पसंत करितो. पहिली गोष्ट उघड खोटेपणाची. जुन्या घड्याळाचें वळण घेणें निराळें आणि त्याचें नांव घेणें निराळें. लग्नामुंजींत मिळालेलीं एच्. एम्. टी. चीं घड्याळें अनेक घरांत असतील. त्यांच्याच यंत्रांवर नव्या रंगीत तबकड्या चढवून विकलेल्या घड्याळांस संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. त्यांत आपली अब्रू वाढली असें मुंबईकरानें समजूं नये.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. पाणबुडी-घड्याळांसाठीं ६४२५ क्रमांकाचें आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याप्रमाणें घड्याळ निदान १०० मीटरांचें असावें, लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाब त्यानें सोसावा, अंधारांत तें पंचवीस सेंटिमीटरांवरून वाचतां यावें, आणि नमुन्यादाखल दोनचार नव्हे तर प्रत्येक घड्याळ तपासलें जावें. घरीं जुळविलेल्या घड्याळाची डबी कितीही भक्कम असली, तरी पाणी आंत शिरतें तें मुरगळलेल्या रबरी कडींतून, बारीक कुसळाच्या फटींतून. म्हणून असें घड्याळ दाबमापक यंत्र असलेल्या कारागिराकडे न्यावें. त्या यंत्रांतील हवेचा दाब वाढला कीं डबी अत्यल्प दबते; गळती असेल तर ती पुन्हां फुगूं लागते, आणि यंत्र तें ओळखतें. ही परीक्षा झाल्यावांचून मालवणच्या समुद्रांत तर काय, पोहण्याच्या तलावांतही तें घड्याळ नेऊं नये.

‘इतक्या खटाटोपापेक्षां तयार घड्याळ स्वस्त पडेल’ असें कोणी म्हणेल, आणि पैशाच्या हिशेबानें तें पुष्कळदां खरेंही ठरेल. पण शून्य दशांश दोन मिलिमीटरांच्या भोंकावर हात न थरथरतां कांटा ठेवण्यास जी एकाग्रता लागते ती दुकानांत मिळत नाहीं. आणि त्याहूनही मोलाची शिकवण ती तबकडी देते. तीवरील प्रत्येक अक्षर हें वचन आहे. कोणी तरी त्यावर विसंबून पाण्यांत उतरेल. जें तपासलेलें नाहीं तें लिहूं नये. कोरी तबकडी बसवावी, किंवा आपलें स्वतःचें नांव लिहावें. तें निदान खरें असेल.